निंदणात राहिलेलं गवत

यवतमाळचे देशकर सर दर साली पाणपक्ष्यांच्या मोजणीची एक पुस्तिका काढतात. कॉलेजातून रिटायर झाले, पण पाखरांतून झाले नाहीत. मागच्या डिसेंबरात त्यांचा फोन आला. म्हणाले, काका, तुम्ही आमचे सगळ्यात जुने पक्षीमित्र, यंदा तुमच्या आठवणी चार पानं लिहून द्या. मी हो म्हटलं आणि महिनाभर वहीला हात लावला नाही. लिहायला माझ्याजवळ काही नव्हतं. पाखरांची जी ओळख मी नऊ-दहा वर्षं लोकांपुढे मिरवली ती माझी नव्हती. माझ्या बायकोची होती. म्हणून हे तिच्यावर लिहितो. छापायचं असेल तर छापा, नाहीतर पाणी तापवायला घ्या.

मी सातवीपर्यंत शिकलो. 'मले' लिहिलं की मास्तर हातावर पट्टी मारायचे, म्हणून लिहिताना 'मला' येतं. बोलताना अजून येत नाही. बायको तर शाळेच्या पायरीवरही चढली नव्हती. तिचं नाव वच्छला. पैनगंगेच्या काठच्या गावातली. बापाच्या घरी तिला नदी होती, माझ्या घरी तलाव मिळाला. मी दारव्ह्याकडच्या एका तलावावर चौकीदार होतो. गेटची कुलपं पाहायची, भिंतीवर ढोरं चढू द्यायची नाहीत, एवढंच काम. तीस वर्षं त्या पाण्याकडे तोंड करून बसलो. पण मी पाणी पाहिलं. पाण्यावर काय बसलं होतं ते तिनं पाहिलं.

ती ठेंगणी, काळी, चालीला झपाझप. तिची एक सवय सांगतो, म्हणजे बाई कशी होती ते कळेल. ती कधी बोटानं दाखवत नसे. हनुवटीनं दाखवायची. नवीन नवीन मला वाटायचं, मोठी तोऱ्याची आहे. मग एकदा तीच म्हणाली की हात उचलला की पाखरू उडते, हनुवटी उचलली तर त्याला कळत नाही. पुढे पुढे घरातही तसंच. मीठ कुठं आहे, हनुवटी. पाहुणा कुठं बसला, हनुवटी.

मोजायची पंजानं. पाच म्हणजे एक पंजा. सकाळी पाणी भरून आली की सांगायची, आज चांदवे बारा पंजे आन वरते दोन. मी म्हणायचो, भाकरी मोज आधी. चांदवा म्हणजे काळं पाखरू, कपाळावर पांढरा टिळा, कोंबडीएवढं. हे नाव गावाचं. बाकीची नावं तिनंच ठेवली होती. पाणकावळा पंख पसरून उन्हात उभा राहतो, त्याला ती कोतवाल म्हणायची, कारण आमच्या गावचा कोतवाल नदीवर असंच धोतर दोन्ही हातात धरून वाळवायचा. शेकाट्या म्हणजे लालटांग्या. लांब चोच टोकाला चपटी असलेला पांढरा मोठा पक्षी, त्याला सर चमचा म्हणतात, ती पळीवाला म्हणायची. ढोकरी दिसायला मातकट, चिखलात दिसतसुद्धा नाही, पण उडाली की आतून पांढरीशुभ्र. तिला ती म्हणायची शालन. शालन ही तिची मोठी जाऊ, माझी वहिनी. का, ते ती सांगत नसे. नुसती हसायची.

आणि तिचा एकच नियम होता. "आधी बसाचं, मंग पाहाचं." पाण्यावर गेली की खाली बसून घ्यायची. थोडा वेळ काही पाहायचीच नाही. पदराच्या टोकाशी खेळत बसायची. म्हणायची, आपण पाहाले आलो हे त्याईले कळू देऊ नोका. त्याईनं आपल्याले पाहून घेतलं, का मंग आपली पाळी. मला कधी बसवलं नाही. मी उभ्यानंच विचारायचो, काय दिसलं? आणि ती सांगायची. हेच माझं सगळं शिक्षण.

ही सांगितलेली गोष्ट मी दुसऱ्या दिवशी गेटवर आलेल्या माणसाला सांगायचो. आधी सहज. मग चव लागली. चौकीदाराला कोण विचारतं? पण शहरातून गळ्यात दुर्बीण लटकवून आलेला माणूस जेव्हा वही काढून आपलं बोलणं लिहून घेतो, तेव्हा छाती फुगते. देशकर सर पहिल्यांदा आले ते असेच. मी म्हटलं, चांदवे बारा पंजे आहेत. त्यांनी दुर्बिणीनं अर्धा तास मोजले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, काका, तुमची नजर भारी आहे. मी नाही म्हटलं नाही.

त्या साली जानेवारीत सरांनी मोजणीला मला बोलावलं. जीप येणार, दिवसभर तीन तलाव फिरायचे. काकूंनाही आणा म्हणाले. मी तिला आणलं ते डबा धरायला.

निघायच्या दिवशी तिनं मातीच्या रंगाचं जुनं लुगडं नेसलं. पेटीत चांगलं लाल लुगडं होतं, लेकीनं मारेगावहून आणून दिलेलं. मी तापलो. यवतमाळची माणसं येऊन राह्यली आन तू मोळी इकाले चालली का, असं बोललो. ती म्हणाली, "लाल पाहून पाखरं दूर सरकते." मी म्हटलं, माणसं सरकतील त्याचं काय? मी स्वतः पांढरा सदरा, पांढरी टोपी, कडक इस्त्री. जीप आली. सात-आठ माणसं उतरली, सगळी मातकट, खाकी, मळकी. सरांनी मला नमस्कार केला आणि हळूच म्हणाले, काका, टोपी जरा खिशात ठेवता का, पांढरं लांबून चमकतं. वच्छला जीपमध्ये मागे चढून बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला. दिवसभर मला ती टोपी खिशात टोचत राहिली.

पहिला तलाव आमचाच. तिथं मी सगळं आधी पाठ केलं होतं. दुसऱ्या तलावावर यवतमाळच्या एका शाळेतल्या मॅडमनी तिला दुर्बीण दिली. तिनं डोळ्याला लावली, थोडं पाहिलं आणि परत केली. मॅडमनी विचारलं, काकू, छान दिसलं ना? ती म्हणाली, "याच्यातून एकच दिसते. बाकीचे कुठं गेले?" सगळे हसले. मीही हसलो, आणि जास्त हसलो. आमची बुढी अडाणी आहे असं काहीतरी बोललोही. तिला लागलं का मला माहीत नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या तलावावर दुपार झाली. पाण्यावरून वाफ उठत होती, सगळं हलतं दिसत होतं. पार दुसऱ्या टोकाला गाळाच्या जिभेवर मोठी पाखरं बसली होती. सरांच्या मंडळात वाद पडला. काही म्हणाले चक्रवाक, काही म्हणाले राजहंस. दुर्बिणीतून रंग कळत नव्हता. वच्छला माझ्या मागे खाली बसली होती. ती हळूच बोलली, मला ऐकू येईल इतकंच, निदान मला तसं वाटलं.

"चक्रवाक जोडीजोडीनं बसते. हे गोतावळा करून बसले. डोक्यावर दोन पट्टे असन त्याईच्या. आता उडतीन तं पाह्यजा, बोलत बोलत उडतीन."

मी पुढे झालो आणि तेच मोठ्यानं सांगितलं. शब्दाला शब्द. हनुवटीसुद्धा तिच्यासारखी उचलली. लोकांनी दुर्बिणी परत डोळ्यांना लावल्या. थोड्या वेळानं कुत्र्यानं की कशानं त्यांना उठवलं, आणि ती पाखरं उठली, आँग आँग करत, एकमेकांशी बोलत आमच्या डोक्यावरून गेली. मानेवर उतरणारी पांढरी रेघ, डोक्यावर दोन काळे पट्टे. टाळ्या वाजल्या. सरांनी मला मिठी मारली.

तिनं मला पाणी दिलं. तांब्या पुढे केला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहान पोर गुळाचा खडा चोरून खाताना दिसलं की आई पाहते तसं.

संध्याकाळी यवतमाळला त्यांचा छोटा कार्यक्रम झाला. मला शाल, श्रीफळ आणि 'पक्षीमित्र' लिहिलेली एक पाटी. ती मागच्या खुर्चीवर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. परत येताना जीपमध्ये थंडी वाजत होती. ती म्हणाली, "चौकीदार, शाल उबदार हाय का?" मला डिवचायचं असलं की ती मला चौकीदार म्हणायची. मी म्हटलं, घे तुले. ती म्हणाली, "नाही, तुमालेच शोभते." आणि झोपी गेली. किंवा झोपेचं सोंग घेतलं.

हे एवढंच असतं तर मी आज वही उघडली नसती. बायकोच्या शब्दावर शाल घेणारे गंज, ढिगानं असतात. पुढचं सांगतो.

आमच्याकडे पाणी उतरत जातं तशी तलावाच्या पोटातली काळी जमीन उघडी पडते. पाटबंधारे खातं ती एका सालासाठी पेरायला देतं. तिला गाळपेर म्हणतात. आम्हाला दर साली एक तुकडा मिळायचा. त्यात उन्हाळी भुईमूग. होळीच्या सुमारास भुईमुगाला निंदण-डवरण येतं, म्हणजे खुरप्यानं गवत काढायचं आणि बैलाच्या डवऱ्यानं ओळींमधली माती हलवायची, आणि नेमकी तेव्हाच टिटवी जमिनीवर अंडी घालते. घरटं नाहीच. उघड्या मातीत एक खोलगट, त्यात चार अंडी, ढेकळासारखीच काळी-पिवळी. पायाखाली आली तरी कळत नाही. वच्छला ती शोधायची आणि अंड्यांच्या प्रत्येक जागेजवळ एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, रोवायची, तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधून. चिंधी दिसली की डवऱ्यावाला बैल थांबवून डवरा उचलून घेई. बाहेरच्याला वाटे, बाईनं नजर लागू नये म्हणून बांधलं असेल. खरं काय ते तिला, डवऱ्यावाल्याला आणि मला ठाऊक. मला सांगताना ती म्हणाली होती, हे तेवढं कोणाले सांगू नोका.

तिचंच सांगणं, भर उन्हात टिटवी पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. नाहीतर उन्हानं अंडी मरतात. मी हे ऐकून हसलो होतो. मग पाहिलं, खरंच होतं.

त्याच साली, शाल मिळाली त्याला दोन-अडीच महिने झाले असतील. मोजणीच्या दिवशी पाहुणे म्हणून आलेले दोन फोटोवाले मला शोधत आले. सरांच्या मंडळातले नव्हते. मोठाले कॅमेरे. काका, तुमच्याबद्दल ऐकलंय, टिटवीचं घरटं दाखवा. वच्छला तेव्हा लेकीकडे मारेगावला गेली होती, दोन दिवस. मी म्हटलं, घरटं कायले शोधता, चला, सहा दाखवतो. आणि चिंध्यांचं सांगून टाकलं.

त्यांनी एका चिंधीजवळ हिरवं कापड टाकून आडोसा केला आणि आत बसले. अकरा वाजता बसले ते दोन वाजेपर्यंत. मार्चअखेरचं ऊन. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती. खाली उतरायची, आडोसा पाहायची, परत उडायची. दोन-तीनदा चोच उघडून घरट्याच्या बाजूला नुसती उभी राहिली. ते म्हणाले, वा, काय मस्त पोज. मी बाभळीखाली बसून त्यांच्या ड्रायव्हरला राजहंसाची गोष्ट सांगत होतो. मला कळत होतं. हे लिहितो, कारण मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तिनं सांगितलेलं सगळं माझ्या कानात होतं. एका शब्दानं उठवलं असतं तर ते उठले असते. मी उठवलं नाही, कारण ते मला काका-काका म्हणत होते.

ते गेले आणि तासाभरानं ती एसटीनं आली. घरी न जाता सरळ वावरात. तिनं गाडीच्या चाकांच्या खुणा पाहिल्या, दाबलेला भुईमूग पाहिला. त्या तुराटीपाशी गेली आणि बसली. एक अंडं उचलून गालाला लावलं. मग माझ्याजवळ आली आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"हात लावून पाहा."

चुलीतून काढलेल्या बटाट्यासारखं गरम होतं.

"चारी उकडले," ती म्हणाली. "तुमाले एकट्याले सांगतलं होतं."

एवढंच. मी दोन-चार सबबी सांगितल्या. तिनं ऐकून घेतल्या. वावरभर फिरून सहाही तुराट्या उपटल्या, मोळी करून डोक्यावर घेतली आणि घरी आली. त्याच तुराट्यांवर माझा चहा केला. कपबशी समोर ठेवली. मी प्यालो. साखर बरोबर होती.

महिन्यानं त्या फोटोवाल्यांनी एक मोठा फोटो चौकटीत घालून पाठवला. टिटवी, चोच उघडी, मागे निळं पाणी. मी दरवाज्यासमोर टांगला. येणारा म्हणायचा, वा, बोलतेच आहे जणू. एकदा वच्छला सुपात दाणे पाखडत होती, ती मान न उचलता म्हणाली, "बोलत नाही थे. तापली हाय." त्यानंतर ती त्या फोटोबद्दल कधी बोलली नाही. घर सगळं झाडायची, पण ती चौकट तिनं कधी पुसली नाही. मीही उतरवला नाही. वर्षानुवर्षं.

पाखरांचं सांगणं मात्र तिनं थांबवलं नाही. चांदवे किती, राजहंस आले का, पळीवाले दिसले का, मी विचारलं की सांगायची. मी दर जानेवारीत तेवढं पाठ करून मोजणीला जायचो. फक्त टिटवीचं विचारलं की म्हणायची, यंदा नाही दिसली बा कुठं. मला वाटलं, पाखरं कमी झाली. सरांनाही मी तसंच सांगितलं. त्यांनी पुस्तिकेत छापलंही.

आता तिच्या निंदणाचं. वच्छलाचं निंदण म्हणजे गावात नाव होतं. तिच्या ओळीत हिरवं दिसलं तर ते पीकच, असं बाया म्हणायच्या. पण पुढच्या सालापासून तिच्या भुईमुगात मधे मधे गवत राहायला लागलं. ताटाएवढी जागा, तिला खुरप्याचं टोक लागलेलं नाही. इथं एक, तिथं एक. मी पहिल्या वर्षी गप्प बसलो. दुसऱ्या वर्षी बायांसमोर म्हटलं, बुढीले आता दिसत नाही. बाया हसल्या. ती पण हसली. पुढे दर साली माझा हाच खेळ. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहून ओरडायचो, पाहा वं, थे राह्यलं, थे बी राह्यलं, तुह्यापेक्षा बकरी बरी. पोरी तिला चिडवायच्या, काकू, काकाले बोलवा निंदाले. डवऱ्यावालासुद्धा त्या जागेवर डवरा उचलून घ्यायचा. मी म्हणायचो, हा पण आळशी झाला.

एका साली मी तिला दारव्ह्याला डोळ्यांच्या तपासणीला नेलं. ती मुकाट्यानं आली. डॉक्टर म्हणाले, लांबचं एकदम साफ दिसतं मावशीला, जवळचा थोडा नंबर आहे. चष्मा केला. त्या मार्चात ती चष्मा घालून निंदायला बसली आणि ओळ संपली तेव्हा मागे दोन ठिकाणी गवत तसंच. मी म्हटलं, चष्मा घालून बी तसंच काहून? तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. म्हणाली, "नंबर बदलला असन."

नऊ साल गवत राहिलं, त्यातली आठ साल मी हे बोललो. हे मोजून लिहितो.

मागच्या वर्षी, ऊन तापायला लागलं तेव्हा तिला वावरातच ताप भरला. तीन दिवस गावात औषध घेतलं, चौथ्या दिवशी यवतमाळला नेलं. ताप डोक्यात गेला म्हणाले. सहाव्या दिवशी गेली. बोलणं फार झालं नाही. लेक मारेगावहून आली, तिनं सगळं केलं. मी बसून होतो.

तेरवी झाली. घरात लेकीनं आईची लुगडी काढली तेव्हा मला बसवेना. वावराकडे गेलो. भुईमूग चांगला होता. आणि मधे मधे तेच. ताटाएवढं गवत, आता गुडघ्याला आलेलं. मला राग आला. कोणावर ते सांगता येत नाही. म्हटलं, तुझं राहिलेलं निदान मी निंदतो. पहिल्या जागेवर गेलो, वाकलो, गवताला हात घातला.

हातभरावरून टिटवी उठली. तिचं पोट ओलं होतं. पाण्याचे दोन थेंब माझ्या मनगटावर पडले.

गवताच्या मधोमध चार अंडी. टोकं आत करून नीट मांडलेली.

दुसऱ्या गवतात तीन. तिसऱ्यात नुसती फुटलेली टरफलं, म्हणजे पिलं निघून गेली होती. चौथ्यात चार. मी चालत गेलो, वाकत गेलो. एकूण सात जागा. एक पंजा आन वरते दोन. एकही चुकलेली नाही. जिथं गवत तिथं टिटवी, जिथं टिटवी नाही तिथं गवताची एक काडी नाही. तिचं निंदण साफच होतं. नऊ वर्षं साफ होतं. मला सांगितलेलं फुटतं म्हणून तिनं मला सांगितलं नाही, आणि मला कळू नये म्हणून बायांपुढे आंधळी म्हणवून घेतलं. बकरी म्हणवून घेतलं. चष्मा घातला.

मी तिथंच मातीत बसलो. बराच वेळ काही पाहिलं नाही. मग टिटवी उतरली, चार पावलं चालली, थांबली, मला पाहून घेतलं आणि अंड्यांवर जाऊन बसली. जन्मात पहिल्यांदा मी आधी बसलो होतो.

घरी येऊन तो फोटो उतरवला.

यंदा जानेवारीत मोजणीला जीप आली. मी मळकं धोतर नेसून गेलो. मागे बसलो, तिच्या जागेवर. तेच तीन तलाव. तिसऱ्यावर परत लांब काहीतरी बसलेलं होतं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, काका, काय वाटतं? मी म्हटलं, मला ओळखता येत नाही. त्यांना वाटलं, म्हातारा थकला. मी म्हटलं, थकलो नाही, मला कधीच येत नव्हतं. राजहंस तिनं ओळखले होते. चांदवेही तीच मोजायची. आणि टिटव्या कमी झाल्या नाहीत सर, पुस्तिकेत चुकीचं छापलं, तेही माझ्यामुळे.

 सरांनी दुर्बीण खाली घेतली. म्हणाले, "काका, त्या दिवशी मागून काकूंचा आवाज आला होता. मी ऐकला होता." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाण्याकडे पाहत होते. "तरी शाल मी तुमच्याच खांद्यावर घातली. हेच लिहून द्या आता."

म्हणून लिहिलं. सर, पुस्तिकेत जिथं माझं नाव येतं तिथून ते काढा आणि तिचं टाका. वच्छला एवढंच पुरे. शाल पाठवतो आहे, ती तुमच्या मंडळात ठेवा, कोणाला पुढे द्यायची तर आधी मागे कोण बसलं आहे ते पाहून द्या. आणि होळीनंतर आमच्या तलावावर कोणाला पाठवू नका. विचारलं तर मी सांगणार आहे, टिटवी यंदा दिसली नाही.

एक राहिलं. तिला ताप भरला त्या दुपारचं. ती वावराच्या पार खालच्या टोकाला, पाण्याजवळ निंदत होती. मी मोटरसायकल घेऊन धुऱ्यावर उभा. हाक मारली, चाल घरी. ती उठली. उठताना हात जमिनीला टेकवला, तेव्हाच मला दिसायला पाहिजे होतं. मग चालायला लागली. सरळ आली असती तर पन्नास-साठ पावलं. पण ती वाकडी येत होती. चार पावलं इकडे, मग थांबून तिकडे, मग परत वळसा. डोक्यावर ऊन, अंगात ताप, पाय लटपटत होते. मी ओरडलो, "सरळ चाल ना वं, दारू पेल्यासारखी काहून चालून राह्यली?" ती वळसे घालतच आली. आज मला ते सगळे वळसे मोजता येतात.

जवळ आली. माझा खांदा धरून गाडीवर बसली. हात भट्टीसारखा होता. बसल्यावर तिनं एकदा मागे वळून वावराकडे पाहिलं, हनुवटी थोडी उचलून. मला वाटलं, खुरपं विसरली.

"काही राह्यलं का?" मी विचारलं.

"काही नाही राह्यलं," ती म्हणाली. "चाला. हळू घ्या, आवाज नोका करू."